सिंगापूर–न्यूयॉर्क: नॉनस्टॉप की फ्रँकफर्टमार्गे?

आधी अंतराचं बघू. पृथ्वीच्या गोलावर सरळ रेषेत सिंगापूर ते न्यूयॉर्क साधारण 15,300 किलोमीटर, फ्रँकफर्टमार्गे साडेसोळा हजारांच्या घरात. पण ही सरळ रेषा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. न्यूयॉर्कला निघालेलं नॉनस्टॉप विमान बऱ्याचदा ती सोडून पॅसिफिकवरून जातं, कारण तिथे जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरच्या वेगवान पट्ट्याचा वारा पाठीशी असतो. मग वाट लांबते, तरी वेळ वाचतो. म्हणून निवडताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि तास बघा: नॉनस्टॉपला साडेअठराच्या आसपास, फ्रँकफर्टमार्गे थांबा धरून तेवीस-चोवीस.

सिंगापूर एअरलाइन्सच्या या नॉनस्टॉप विमानात इकॉनॉमी नाही, फक्त प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेस. इतकं इंधन घेऊन उडायचं तर माणसं कमीच घ्यावी लागतात. ही सेवा 2004 साली चार इंजिनांच्या एअरबस ए340-500 वर सुरू झाली, पण इंधनाचा खर्च झेपेना म्हणून 2013 मध्ये बंद पडली. 2018 मध्ये दोन इंजिनांच्या ए350 चं खास लांब पल्ल्याचं रूप आल्यावर परत उभी राहिली. तेव्हा खिशाला इकॉनॉमीच परवडत असेल तर प्रश्न मिटला, फ्रँकफर्टमार्गे जा. जाताना तो प्रवास वाईटही नाही. रात्री निघून झोप काढली की फ्रँकफर्टची सकाळ, पाय मोकळे होतात, तोंड धुता येतं.

माझं घोडं अडलं ते येताना. न्यूयॉर्कहून रात्री निघायचं, जेवण होऊन डोळा लागेपर्यंत तीन-चार तास गेलेले, आणि जरा गाढ झोप लागतेय तोवर दिवे लागतात. फ्रँकफर्टच्या घड्याळात सकाळचे दहा, आपल्या अंगात पहाटेचे चार. विमान तेच, सीट तीच, तरी सगळ्यांना हातातल्या सामानासकट उतरावं लागतं. अंधारात सीटखाली बूट चाचपडायचे, चार्जर ओढून काढायचा, मग सिक्युरिटीला पुन्हा लॅपटॉप ट्रेमध्ये. तासा-दीड तासाने त्याच सीटवर, त्याच चुरगळलेल्या ब्लँकेटपाशी. त्यानंतर सिंगापूरपर्यंत बारा तास मिळतात खरे, पण मोडलेली झोप काही परत येत नाही. मला तरी नाही आली.

नॉनस्टॉपमध्येही तेराव्या-चौदाव्या तासाला जीव कंटाळतो, हे खरंच. गुडघे कुरकुरतात, सिनेमे संपतात. पण कुणी उठवत नाही. आणि सिंगापूरला उतरल्यावर पहिला दिवस थोडाफार कामाचा जातो. ज्यांना विमानात झोपच लागत नाही, किंवा मध्ये एकदा तरी जमिनीवर पाय टेकले नाहीत तर घुसमटतं, त्यांचं गणित वेगळं निघेल.

नॉनस्टॉप ठरलंच तर प्रीमियम इकॉनॉमीच्या शेवटच्या तीन रांगा बघा. तिथे खिडकीला एकेकटी सीट आहे, शेजारी कुणी नाही. तेवढी मात्र लवकर बुक करा.