ईईजीची टोपी की उंदरांची खोली? मेंदूविज्ञानातली पहिली नोकरी निवडताना

दर जून-जुलैत कुणीतरी ज्युनिअर फोन करून विचारते, "ताई, दोन्हीकडून बोलावणं आलंय, कुठलं घेऊ?" एका लॅबमध्ये माणसांचे ईईजी घ्यायचे असतात, म्हणजे डोक्यावर टोपी घालून मेंदूतल्या विजेची नोंद करायची, दुसरीत उंदरांवर काम असतं. जाहिरातीत पद दोन्हीकडे तेच, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) किंवा प्रोजेक्ट असोसिएट. मी आधी दीड वर्ष उंदरांच्या लॅबमध्ये काढलं आणि नंतर दोन वर्षं ईईजीच्या. त्यामुळे फोनवर जे तुकड्या-तुकड्यांत सांगते, ते इथे एकदाच लिहून टाकते.

पैशांचं आधी उरकते, कारण त्यात फरक नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2023पासून जेआरएफचे महिना 37,000 रुपये केले, वर घरभाडे भत्ता. नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा पास नसाल तर प्रोजेक्टवरच्या नेमणुकीत रक्कम कमी होते. उंदीर असोत की माणसं, दर तोच. आणि उशीरही तोच! एकदा माझं मानधन चार महिने अडकलं होतं; घरमालकाला 'ग्रँटचा दुसरा हप्ता' म्हणजे काय हे समजावताना माझंच व्याख्यान तयार झालं. तीनेक महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच रुजू व्हा.

खरा फरक तुमच्या दिवसावर कुणाची मालकी असते, इथून सुरू होतो.

उंदरांच्या खोलीत बारा तास उजेड, बारा तास अंधार असतो, आणि त्या घड्याळात दिवाळी नसते. चौदा दिवस रोज एकाच वेळी इंजेक्शन द्यायचं ठरलं, की त्यात दोन रविवार येतात आणि एखादी भाऊबीजही. मी भावाला संध्याकाळी सातनंतर ओवाळलं, तेही दोनदा साबणाने हात धुऊन, कारण तो म्हणाला तुझ्या अंगाला भुशाचा वास येतोय. पण उंदीर कधी 'आज जमणार नाही' म्हणत नाहीत. तुम्ही गेलात की काम होतं.

माणसं म्हणतात. कधी तेवढंही न म्हणता येतच नाहीत. सहभागी बहुतेक विद्यार्थी. परीक्षा आल्या की महिनाभर खुर्ची रिकामी. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, "डोकं धुऊन या, तेल लावू नका." तरी दहातला एक जण छान चंपी करून येतो, कारण आईने सांगितलं, डोक्याची तपासणी आहे ना, मग तेल घालून जा. तेलाने इलेक्ट्रोड आणि कातडीचा संपर्क नीट होत नाही. मग बोथट सुईच्या सिरिंजने प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरा, केस बाजूला सारा, इम्पीडन्स, म्हणजे संपर्कातला विद्युतरोध, उतरतोय का बघत बसा. चौसष्ट इलेक्ट्रोडची टोपी आणि कमरेपर्यंतची वेणी असेल तर पाऊण तास सहज जातो. या उपकरणांची रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे केस नव्हते, असं माझं ठाम मत आहे.

जर्मनीत हान्स बर्गरने माणसाचा पहिला ईईजी 1924मध्ये नोंदवला. शंभर वर्षं उलटली तरी आपण कवटीवर जेल चोळतोच आहोत. मेंदूकडून जे हाती लागतं ते दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे काही दशलक्षांश, आणि नुसती पापणी लवली तरी त्याहून कितीतरी मोठी लाट येते. भिंतीतल्या विजेचा 50 हर्ट्झचा गुंजारव वेगळाच. आम्ही आठवडाभर गुन्हेगार शोधत होतो. सापडला तो टेबलाखाली विसरलेला लॅपटॉपचा चार्जर.

पण ईईजीच्या लॅबमधला कसोटीचा भाग टोपी घालण्याच्या आधी येतो. ज्येष्ठांच्या स्मृतीवरच्या अभ्यासात एक आजोबा आले होते. मी संमतीपत्र समोर ठेवलं तर म्हणाले, "बाळ, तू सांगतेस ना, मग कुठे सही करायची तेवढं दाखव." तिथे थांबावं लागतं. सगळं मराठीत वाचून दाखवावं लागतं, मधेच उठून जायचा तुम्हाला हक्क आहे हेही सांगावं लागतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहेच, पण वीस माणसं रांगेत असताना ते पाळणं हे रिसर्च असिस्टंटच्या जिभेवर असतं. आणि शेवटी हमखास प्रश्न येतो: "मग, माझं डोकं ठीक आहे ना?" तुम्ही डॉक्टर नाही. त्या रेघांवरून काही सांगायचा तुम्हाला अधिकार नाही, आणि बहुतेक वेळा सांगता येण्यासारखं काही नसतंही. हे उत्तर त्यांच्या तोंडाकडे बघत, न दुखावता देता यायला हवं. ज्यांना अनोळखी माणसांशी बोलायचाच कंटाळा आहे, त्यांनी 'मेंदू आवडतो' म्हणून इकडे येऊ नये.

उंदरांकडे कसोटी हाताची. स्टिरिओटॅक्सिक शस्त्रक्रियेत भूल दिलेल्या उंदराचं डोकं चौकटीत घट्ट बसवतात, कवटीवरच्या ब्रेग्मा नावाच्या सांध्यापासून मोजून सुई खाली नेतात. मिलिमीटरच्या दशांशांचा हिशोब. सुई चुकली का, ते त्याच दिवशी कळत नाही. उंदीर बरा होतो, आठवडे जातात, वर्तनाचे प्रयोग होतात, मग मेंदू काढून क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवून पातळ काप करणाऱ्या यंत्रावर, कापायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि तेव्हा कळतं की इंजेक्शन हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात न पडता शेजारीच पडलंय. ईईजीत एखादा दिवस बिघडला तर तो दिवस गेला. इथे तीन महिने जातात, शिवाय एक जीव.

त्या जिवाबद्दल मुलाखतीत कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. लॅबमध्ये उंदीर मारण्याला 'सॅक्रिफाइस' म्हणतात, थोडे दिवस झाले की नुसतं 'सॅक'. भूल देऊन, हृदयावाटे आधी सलाइन, मग मेंदू टिकवणारं चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड सोडायचं. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने परवानगी दिलेली असते, किती उंदीर वापरायचे तो आकडाही ठरलेला असतो, कारण कारणाशिवाय एकही जास्त मिळत नाही. हे सगळं योग्यच आहे. तरी पहिल्या दिवशी मी डबा न खाता घरी आणला. काहींना महिन्याभरात सवय होते, काहींना वर्षाने जास्त त्रास होऊ लागतो. आपण कुठल्या गटात, हे आधी सांगता येत नाही.

आणखी एक गंमत. 2014मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं, की खोलीत पुरुष असला तर नुसत्या वासानेही उंदीर ताणाखाली येतात आणि वेदनेला कमी प्रतिसाद देतात. म्हणजे आज कोण कामावर आलं, हेही निकालात मिसळतं. माणसांच्या अभ्यासात तर ते रोज घडतं, पण तिथे निदान सगळ्यांना ते अपेक्षित असतं.

फोनवर मी दोन पळवाटाही सुचवते. पहिली फळमाशी. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशांच्या गंधज्ञानावर केलेलं काम जगभर मानलं जातं, तेव्हा हे दुय्यम समजू नका. 25 अंशांवर दहा-बारा दिवसांत नवी पिढी, प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागत नाही, आणि 2024पासून मादी फळमाशीच्या मेंदूतल्या जवळजवळ 1,40,000 न्यूरॉनांचा जोडणी-नकाशा हाताशी. अडचण एवढीच, की संकरासाठी कुमारी माश्या कोषातून बाहेर आल्यापासून आठेक तासांत वेगळ्या कराव्या लागतात. झोपेचं गणित तुम्हीच मांडा.

दुसरी वाट गावोगावच्या अभ्यासाची. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातला, श्रीनिवासपुरातला प्रकल्प 10,000 ग्रामीण लोकांच्या वार्धक्याचा मागोवा घ्यायला निघाला आहे. इथे तुमची भाषा हेच उपकरण. हरयाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी स्मृतिचाचणी हिंदीत बेतली, तेव्हा निरक्षरांना 'एक वाक्य लिहा' म्हणण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा' असं विचारलं गेलं. अशा बारकाव्यात रस असेल तर हे काम तुमचं, पण कोलार जिल्ह्यात नुसत्या मराठीवर भागणार नाही.

दोन वर्षांनी हातात काय उरतं? ईईजीकडून पायथन, मॅटलॅब, सांख्यिकी. पीएचडी केली नाही तरी त्यावर दुसरीकडे नोकरी मिळते. उंदरांकडून शस्त्रक्रियेचा हात, जो मेंदूविज्ञानाबाहेर फारसा विकला जात नाही. आत मात्र त्याला मोठा मान. पेशी नक्की काय करते, हाच प्रश्न तुम्हाला छळत असेल तर टोपीतून त्याचं उत्तर मिळणार नाही, उंदरांकडेच जावं लागेल. शोधनिबंधात नाव हवं असेल तर ईईजीकडे ते लवकर लागण्याची शक्यता जास्त. माझं उंदरांचं काम मी सोडल्यावर तीन वर्षांनी छापून आलं. पीएचडीचं अजून पक्कं नसेल, तर मी बिनदिक्कत ईईजी सांगते. पक्कं असेल आणि हात स्थिर असेल, तर उंदीर.

हो म्हणण्याआधी दोन्हीकडे विचारा: समितीची परवानगी हातात आहे की 'येईलच', आणि प्रोजेक्टची मुदत किती उरली आहे. मग ईईजीच्या लॅबमध्ये स्वतः टोपी घालून तासभर बसा आणि घरी जाऊन केसांतलं जेल धुवा. उंदरांच्या लॅबमध्ये जायचं असेल, तर रविवारी सकाळी जा. कामावर कोण भेटतं ते बघा, आणि त्याच्याशीच बोला.