सिस्को राउटरचा लॉग: कन्सोल, टर्मिनल, बफर की सिसलॉग सर्व्हर?

रात्री लिंक पडली आणि सकाळी तुम्ही कारण शोधायला बसलात. आता हाती काय लागणार, हे लॉग, म्हणजे राउटरने केलेली घटनांची नोंद, रात्री कुठे जात होता त्यावर ठरतं. आयओएस या सिस्को राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याला चार वाटा आहेत. चारही एकाच वेळी चालू ठेवता येतात, पण प्रत्येकीवर सारखाच भार टाकू नका.

कन्सोलचा, म्हणजे केबलने थेट जोडायच्या पोर्टचा, खरा उपयोग राउटर बूट होताना किंवा क्रॅश होताना. त्या वेळी नेटवर्क नसतंच, म्हणून लॅपटॉप जोडून पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सेशन लॉगिंग चालू ठेवायचं. एरवी कन्सोल तापदायक. तो मूळ सेटिंगमध्ये डीबग पातळीपर्यंत, म्हणजे अगदी बारीकसारीक तपशिलापर्यंत, सगळं छापतो आणि वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. शंभर अक्षरांची ओळ धरली तर सेकंदाला नऊ-दहा ओळी. गजबजलेल्या राउटरवर डीबग लावलंत की छपाईतच प्रोसेसर अडकतो, आणि मग ते बंद करायला 'अनडीबग ऑल' टाइप करणंही मुश्किल. रोजच्यासाठी 'लॉगिंग कन्सोल क्रिटिकल', म्हणजे फक्त अतिगंभीर संदेश, एवढंच ठेवा.

एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरूनच, आत गेल्यावर समोर घडतंय ते पाहायचं तर 'टर्मिनल मॉनिटर'. हा आदेश त्या सेशनपुरताच असतो. डीबग लावलं आणि स्क्रीन कोरी, असं झालं तर आधी हाच विसरलात का ते बघा. सेशन बंद झालं की मागे काही उरत नाही.

खरी निवड बफर आणि सर्व्हर यांच्यात आहे.

बफर राउटरच्या रॅममध्ये असतो, 'शो लॉगिंग' दिलं की दिसतो. फुकट, झटपट आणि नेटवर्कवर अवलंबून नाही. पण अनेक मॉडेल्सवर मूळ आकार फक्त ४०९६ बाइट, म्हणजे जेमतेम चाळीस ओळी. एखादा इंटरफेस वरखाली होत राहिला तर काही मिनिटांत जुनं सगळं पुसलं जातं. 'लॉगिंग बफर्ड ६५५३६' केलंत की साडेसहाशेच्या आसपास ओळी मावतात. वीज गेली किंवा रीलोड झाला की मात्र पाटी कोरी. म्हणून राउटर रीस्टार्ट करण्याआधी बफर उतरवून घ्या: 'टर्मिनल लेंथ ०' द्या, म्हणजे मध्येमध्ये 'मोअर' येऊन फाइल खराब होत नाही, पुट्टीत लॉगिंग चालू करा, मग 'शो लॉगिंग'.

सिसलॉग सर्व्हर म्हणजे राउटरचे संदेश नेटवर्कवरून घेऊन साठवणारा वेगळा संगणक. त्याला यातली कुठलीच अडचण नाही. एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स आणि आरसिसलॉग हा लॉग साठवणारा प्रोग्रॅम पुरे. राउटरवर 'लॉगिंग होस्ट' आणि सर्व्हरचा आयपी, शिवाय 'लॉगिंग सोर्स-इंटरफेस लूपबॅक०' (लूपबॅक म्हणजे राउटरमधला आभासी इंटरफेस), नाहीतर मार्ग बदलला की एकच राउटर वेगवेगळ्या पत्त्यांनी नोंदला जातो. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५१४ हे पोर्ट उघडं हवं. ते राहिलं तर राउटर तक्रार करत नाही, संदेश नुसते हरवतात.

संदेशाच्या पातळीतही गफलत होते. आकडा जितका लहान तितका संदेश गंभीर. गर्दी कमी करायला 'लॉगिंग ट्रॅप वॉर्निंग्ज' दिलं की ० ते ४ एवढंच जातं. मग 'सिस-५-कॉन्फिग_आय', म्हणजे कॉन्फिगरेशन कोणी बदललं ती नोंद, सर्व्हरवर येतच नाही. मूळची इन्फर्मेशनल पातळी राहू द्या.

आणि सर्व्हर मुख्यालयात, राउटर शाखेत असेल तर? मधली लिंक पडल्याचा संदेश त्याच पडलेल्या लिंकवरून पाठवला जातो. तो पोचत नाही. बफरमध्ये मात्र असतो. म्हणून एकच राउटर असलेल्या लहान ऑफिसला सुरुवातीला मोठा बफर चालेल, पण शाखा असतील तर दोन्ही हवेत. भारतातल्या कंपन्यांना तर फक्त बफरवर भागवताच येणार नाही: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत.

कुठलीही वाट घ्या, घड्याळ आधी लावा. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०', एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा), आणि 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम'. नंतर एक ओळ नीट बघा:

*मार्च १ ००:०२:१७.३९५: %लिंक-३-अपडाउन: इंटरफेस गिगाबिट-इथरनेट०/१, चेंज्ड स्टेट टू डाउन

सुरुवातीची ती चांदणी म्हणजे राउटरच्या घड्याळाचा भरवसा नाही. चांदणीऐवजी तिथे टिंब असेल तर घड्याळ आधी जुळलं होतं, नंतर एनटीपीशी संपर्क तुटला.