बर्फातला हरणाचा माग: खिशातलं कार्ड कितपत उपयोगी?

अमेरिकेत मेन, व्हरमाँट किंवा न्यूयॉर्कच्या अ‍ॅडिरोंडॅक डोंगरांकडे शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलात, तर गल्ल्याशेजारी हरणाचा माग ओळखायची कार्डं दिसतात. प्लॅस्टिकच्या आवरणातलं, सहा घड्यांचं, एका कडेला इंचपट्टी छापलेलं, किंमत दहा डॉलरच्या आत. पांढऱ्या शेपटीचं हरीण बर्फात काय खुणा सोडतं, एवढाच विषय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीची कार्डं एकमेकांची भावंडंच असतात.

खुरांचं पान उत्तम. हरीण आणि मूस (हरणाच्याच कुळातलं थोरलं जनावर) यांचे ठसे शेजारी शेजारी, खऱ्या मापात. मादीचा ठसा साधारण अडीच इंच, थोराड नराचा तीन किंवा त्याहून मोठा, मूसचा पाच-सहा. नवख्याचा मूस आणि हरणातला घोळ इथे मिटतो. पट्टी लावताना मात्र जपायला हवं. उन्हातला ठसा वितळून पसरतो आणि मादीच्या खुराचा बघता बघता राजा-नर होतो. बुंध्याच्या सावलीतले चार-पाच ठसे मोजावेत, एकावर भरवसा ठेवू नये. बर्फ खोल असेल तर वरून नुसतं भोक दिसतं. हात आत घालून तळाशी खुराची दोन टोकं चाचपावीत. टोकं जिकडे, तिकडे हरीण गेलं.

नर-मादीचं पान फाडून टाकावं असं आहे. ‘खुरामागे दोन ठिपके उठले की नर’ असं ठळक छापलंय. ही मागची नखं मादीलाही असतात, आणि चार-पाच इंच भुसभुशीत बर्फात किंवा पळताना दोघांचीही उठतात. पाय ओढल्याच्या रेघेचंही तेच. इंच-दोन इंच बर्फात ती रेघ नराकडे बोट दाखवते. बर्फ वाढला की सगळेच पाय ओढतात. कामाच्या खुणा या पानावर नाहीतच. डाव्या-उजव्या ठशांमधलं अंतर पाहावं, थोराड नराची छाती रुंद असते. मादी बसून लघवी करते, त्यामुळे डाग मागच्या खुरांच्या ठशांपाशी पडतो. माजावर आलेला नर चालता चालता थेंब सांडत जातो. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे चरायला मान खाली घातल्यावर तोंडाने उकरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना शिंगांच्या टोकांनी पडलेली भोकं. ती दिसली की वादच संपला.

खरी निराशा मात्र ठशाच्या वयाची. माग काढणाऱ्याला ‘कोण’पेक्षा ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा. कालच्या मागावर दिवसभर चालून हाती फक्त पायदुखी लागते. कार्डावर यासाठी एकच ओळ: ‘कडा धारदार म्हणजे ताजा.’ उणे दहा अंश, वारा नाही, गर्द सावली, अशा जागी कालचा ठसाही धारदार राहतो. उलट दुपारच्या उन्हात अर्ध्या तासात कडा गोलावतात. म्हणून ठशाशेजारी आपल्या बुटाचा ठसा उठवून तुलना करावी. मग हातमोजा काढून बोट ठशाच्या तळाला लावावं. थंड, कोरड्या बर्फात ताज्या ठशाचा तळ रव्यासारखा सुटा लागतो. खुराखाली दाबलेले कण काही तासांत एकमेकांना चिकटतात आणि तळ वाटीसारखा घट्ट होतो. खुराने पुढे उडवलेले बर्फाचे खडे सुटे आहेत की जमिनीला चिकटलेत, तेही पाहावं. बर्फ किती वाजता थांबला हे ठाऊक असलं तर निम्मं काम झालं. ठशात नवी भुरभुर असेल तर हरीण त्याआधीचं; मात्र वाऱ्याने फांद्यांवरून झडलेली भुरभुर फसवते.

बसल्या जागांचं पान चांगलं आहे. एकटी, ४५ इंचांहून लांब जागा बहुधा नराची. एका मोठीला लागून दोन लहान असतील तर मादी आणि पिल्लं. एक भर हवी होती. अंगाच्या उबेने वितळलेला तळ ओला असेल तर जनावर आत्ताच उठलंय. त्यावर काचेसारखा बर्फ धरला असेल तर केव्हाच गेलंय.

चरण्याच्या खुणांना पैकीच्या पैकी. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे डहाळी तुटते ती चिंध्या होऊन. सशाने खाल्लेली डहाळी सुरीने तिरकी छाटल्यासारखी. फोटोत फरक लख्ख दिसतो.

गोळी लागलेल्या हरणाच्या रक्ताचं पान ठीक, मागावर निघण्याआधी किती थांबायचं ते सांगतं: फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा, काळपट म्हणजे यकृत, तीन-चार तास, हिरवट आणि वास येणारं म्हणजे पोट, सहा-आठ तास. पण बर्फात रक्त पसरतं आणि असतं त्याहून जास्त वाटतं, हे लिहायला हवं होतं. वरून बर्फ पडत असेल तर माग बुजतो, तेव्हा घड्याळापेक्षा आभाळ पाहावं लागतं.

आवरण चकाकतं, उन्हात वाचताना तिरपं धरावं लागतं. कडाक्याच्या थंडीत ते ताठरतं आणि घडीवर चिरतं. आतल्या खिशात अंगाशी ठेवलं तर टिकतं. कोपऱ्यात दोरीसाठी भोक आहे, हे छान. (भारतात भेट म्हणून नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे शिकार बंद, आणि चितळ-सांबर या कार्डात नाहीत.)

पट्टी, मूसची तुलना आणि डहाळीचे फोटो, एवढ्यासाठी पैसे वसूल. नर-मादीच्या पानावर कोरा कागद चिकटवा आणि निघण्यापूर्वी बर्फ थांबल्याची वेळ त्यावर लिहा. शिसपेन्सिलीने, बॉलपेन थंडीत चालत नाही.