टायमिंग बेल्ट बदललाय म्हणे!

बिल अजून माझ्याकडे आहे. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, क्रँकचं ऑइल सील, कॅमचं ऑइल सील अशा चार ओळी आणि खाली मजुरी. (क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टायमिंग बेल्ट म्हणजे या दोघांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा. टेन्शनर तो पट्टा ताणून धरतो आणि ऑइल सील दांड्याभोवतीचं तेल अडवतं.) यातलं एकही काम झालेलं नव्हतं, आणि ते कळायला मला आठ महिने लागले.

गाडी 90,000 किलोमीटरला आली होती. पुस्तिकेत बेल्टसाठी तोच आकडा दिलाय. माझं इंजिन असं, की बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळणार. रबरी पट्ट्यापायी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायची वेळ नको, म्हणून चालढकल न करता गाडी नेली. मेकॅनिक म्हणाला, "बेल्टसाठी एवढं खोलतोय तर सीलंही बदलून घ्या, नंतर तेल गळलं तर सगळं परत उघडायला लागेल." सल्ला अगदी बरोबर होता. तिथेच माझा विश्वास बसला.

संध्याकाळी त्याने न मागताच जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले. बेल्ट भेगाळलेला, दोन दात उडालेले. "बघा साहेब, कशावर फिरत होतात!" मी त्याचे आभार मानून आलो, हे आता सांगायचीही लाज वाटते.

मग जमिनीवर तेलाचे डाग पडायला लागले. ब्रेक पॅड, क्लच केबल असली कामं मी घरी करतो, म्हणून या वेळी स्वतःच हात घालायचं ठरवलं. पुढचं चाक काढलं, आतलं प्लॅस्टिक सोडवलं, टॉर्च मारला. समोर क्रँक पुलीचा, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकाचा बोल्ट, आणि त्याच्या डोक्यावरून पुलीवर उतरलेली पिवळ्या रंगाची एक सलग रेघ.

ही रेघ कारखान्यात बोल्ट आवळल्यावर मारतात. बोल्ट एकदा जरी सुटला तरी तिचे दोन तुकडे जुळायला कठीण. माझ्या गाडीत ही पुली काढल्याशिवाय खालचं कव्हर निघत नाही, कव्हर निघाल्याशिवाय बेल्ट निघत नाही, आणि क्रँकचं सील तर दातेरी चाकाच्याही मागे असतं. म्हणजे बोल्टला कोणी पाना लावलाच नव्हता. मी तिथे जमिनीवर आडवा पडूनच मनात बिलाच्या ओळी खोडत होतो.

गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, मुलाला ब्रेकवर बसवलं, पान्याला पाइप लावून जोर दिला. कडाड आवाज झाला आणि रेघ पहिल्यांदा तुटली. आतला बेल्ट तेलाने चिंब, पाठीवरची छपाई पुसलेली, दातांच्या मुळाशी रबर फुगलेलं. तेल लागलं की रबर मऊ पडतं आणि दात सुटायला लागतात. वर कॅमच्या सीलभोवती सिलिकॉन थापलेलं. सील गळतं ते शाफ्टला टेकलेल्या ओठातून. बाहेरच्या कडेला सिलिकॉन फासून काय होणार? आठ महिने धकवायला तेवढं पुरलं, एवढंच.

मग ती पिशवी आठवली. दोन्ही बेल्टांवर खडूने खूण करून दात मोजले. गाडीतला 109, पिशवीतला 104. शंका नको म्हणून पुन्हा मोजले. तो "माझा जुना बेल्ट" माझ्या गाडीला बसलाच नसता! पिशवीतली सीलंही गुळगुळीत, गोल गरगरीत. सील उपसताना स्क्रूड्रायव्हरसारखं काहीतरी घालावं लागतं, त्यामुळे ते बहुधा वाकतं, फाटतं. माझ्या हातून निघालेल्या दोन्ही सीलांचा तर पार चेंदामेंदा झाला होता.

नवीन सीलांच्या ओठाला तेल लावलं, स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि त्याच मापाची गोटी (पान्याचा सॉकेट) टेकवून हळूहळू ठोकत बसवली. नवा बेल्ट चढवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवला. तेवढ्यात कॅमचा एकच फेरा होतो आणि क्रँक-कॅमच्या दातेरी चाकांवरच्या टायमिंगच्या खुणा परत आपापल्या जागी जुळायला हव्यात. माझ्या एका दाताने चुकल्या. शिव्या घालत परत उतरवला. दुसऱ्यांदा जुळल्या. या दोन फेऱ्यांआधी चुकूनही स्टार्टर मारू नका.

ज्यांना हे काम गॅरेजमध्येच करून घ्यायचंय, त्यांनी गाडी देण्याआधी वरचं कव्हर उघडायला लावून बेल्टच्या पाठीवर आपल्या हाताने खडूची आडवी रेघ मारावी आणि पुलीच्या बोल्टचा फोटो काढावा. पुली उतरल्यावर तिथे जाऊन उभं राहावं. पिशवीत मिळालेल्या पार्टवर मात्र भुलू नका. कुठल्या गाडीचे, कोण जाणे.

दोन्ही बेल्ट घेऊन मी त्या मेकॅनिककडे गेलो. आधी म्हणाला, नवीन सीलच खराब निघालं असेल. मी बोल्टचा फोटो दाखवला. मग म्हणाला, पोराने केलं असेल, मी बाहेर होतो. मी दातांचा हिशोब मांडला. शेवटी मजुरी परत द्यायला तयार झाला, पार्टचे पैसे मात्र नाही, कारण "पार्ट तर वापरले गेले ना, साहेब."

"कोणाच्या गाडीत?" मी विचारलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो आत गेला.