चौदा हजार तीनशेचा गंज

यावल तालुक्यातली एक छोटी पेट्रोल गाडी. सकाळी घरून निघताना एका सेल्फमध्ये चालू व्हायची. जळगावात कामं उरकून दुपारी परत निघायचं, तर किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. चार-पाच वेळा किल्ली मारली की मधेच एकदा घ्यायची. एवढ्या एका तक्रारीपायी एका उन्हाळ्यात मालकाचे १४,३०० रुपये गेले. बॅटरी ४,५००, डायनॅमो (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) ७,००० आणि सेल्फचं, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचं काम २,८००. बिघाड या तिघांतही नव्हता.

पहिला डाव बॅटरीचा. गॅरेजवाल्याने मालकासमोर आठ-दहा वेळा सेल्फ मारला, मग मीटर लावून ११.९ व्होल्ट दाखवलं. “बॅटरी गेली भाऊ, उन्हाळाच तसा आहे.” बोलणं लगेच पटतं, कारण खानदेशात पारा ४४-४५ वर जातो आणि बॅटऱ्या खरंच लवकर जातात. पण लागोपाठ दहा वेळा सेल्फ मारल्यावर चांगल्या बॅटरीचंही रीडिंग खाली येतं. खरं रीडिंग मिळतं ते रात्रभर उभ्या गाडीत, सकाळी किल्ली न लावता. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. मग दुसऱ्याला किल्ली मारायला सांगून तोच आकडा बघायचा. ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. ११ च्या वर राहिला आणि सेल्फ तरी फिरत नाही, तर बॅटरीचा दोष नाही. वाटेत कुठेतरी करंट अडतोय.

नवी बॅटरी टाकल्यावर गाडी झटक्यात चालू झाली आणि मालकाला तेवढा पुरावा पुरला. खरं तर बॅटरी बदलताना टर्मिनल घासून आवळली जातात, नव्या बॅटरीत जोर थोडा जास्त असतो, आणि तोवर इंजिनही गार झालेलं असतं. पंधरा दिवस निभावतं. जुनी बॅटरी वीस महिन्यांची, वॉरंटी शिल्लक. ती गॅरेजातच राहिली. भंगाराचे पैसेही वजा झाले नाहीत. सगळ्यात चीड येते ती इथे.

मग डायनॅमो. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उपटलं, इंजिन अडखळलं, “बघा, चार्जिंगच नाही.” असं तपासणाऱ्याकडून गाडी उचलून आणावी. त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं आणि डायनॅमोतले डायोड, ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतात. चार्जिंग बघायला गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायचं, १३.८ ते १४.५ दिसलं की झालं. बसवलेला ‘नवा’ डायनॅमोही बांधलेला, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला निघाला. वरून ताजा चंदेरी रंग, आतल्या फटीत जुनी धूळ, स्क्रूच्या खाचा झिजलेल्या, खोका नाही, पार्ट नंबरचं स्टिकर नाही.

सेल्फचे कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) बदलले त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुखणं तसंच राहिलं.

ते सापडलं भुसावळच्या एका वायरमनकडे, दहा मिनिटांत. मीटर डीसी २० वर. एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं, आलं २.३. म्हणजे सेल्फच्या वाट्याचे सव्वादोन व्होल्ट अर्थिंगच, इंजिनातून बॅटरीच्या मायनसकडे करंट परतण्याची वाटच, खात होतं. लहान गाडीचा सेल्फसुद्धा दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतो, जोडात ०.०१ ओहम अडथळा असला तरी दीड व्होल्ट जातात. इंजिन तापलं की सेल्फच्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून सकाळी निभावणारी गाडी दुपारी अडते.

इंजिनवरून बॉडीला जाणारी विणीव तांब्याची पट्टी सोडली. बोल्टखाली पांढुरकी भुकटी, पट्टीच्या निम्म्या तारा हिरव्या होऊन तुटलेल्या. नवी पट्टी, खालचा रंग-गंज चकाकेपर्यंत घासणं, वरून व्हॅसलिन, मजुरी धरून साडेतीनशे रुपये. प्लस बाजूही अशीच मोजतात, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

मीटर नसेल तर जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या धातूला, बेल्ट-पंख्यापासून लांब. गाडी लगेच घेतली तर अर्थिंग धरा.

कान आणि हेडलाइटही बरंच सांगतात. सेल्फ रेंगाळतो आणि लाइट मंदावतात, तर बॅटरी किंवा तिचे जोड. लाइट लख्ख आणि एकच टक, तर सेल्फचा सोलेनॉईड (त्याला करंट जोडणारा स्विच) किंवा असलीच अर्थिंग. लाइट लख्ख आणि आवाजच नाही, तर रिले, फ्यूज, क्लचचा स्विच. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तिथे बॅटरी विकायला निघालेल्याला सरळ नमस्कार करा. तो मामला पेट्रोलचा, स्पार्कचा, क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) किंवा इमोबिलायझरचा (किल्ली ओळखली नाही तर इंजिन रोखणारा).

या मालकाकडे बिल नव्हतं, वहीच्या कागदावर तीन आकडे होते. पक्कं बिल, बॅटरीचा सिरियल नंबर, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि ‘जुना पार्ट परत दिला’ ही ओळ एवढं हाती असतं, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार भक्कमपणे मांडता आली असती. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही. तिथेही पहिल्यांदा बिलच मागतात.