कोरियन इंटरप्रिटर: एजन्सी, फ्रीलान्सर की बिल्डिंगमधली मुलगी?

आधी एक ठरवा, बोलणी करायचीत की कागद अनुवाद करून हवेत, कारण दोन्ही एकाच माणसाला जमेलच असं नाही. आम्ही तर माणूस निवडतानाच गंडलो.

काकांचं वसईला वर्कशॉप आहे, सेकंडहँड सीएनसी मशीन (संगणकावर चालणारं) घ्यायचं होतं आणि कोरियाहून विकणारे दोघं येणार होते. पैसे वाचवायला आमच्याच बिल्डिंगमधल्या मुलीला नेलं, टोपिक (कोरियन भाषेची परीक्षा) लेव्हल ४, मालिका सबटायटलशिवाय बघते वगैरे. छान बोलत होती पण, भाव निघाला आणि ती म्हणाली एक कोटी वॉन, काकांचे डोळे असे चमकले की लगेच वडापाव मागवले. होते दहा कोटी! त्यांच्याकडे मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यात, त्याला मान म्हणतात, आणि दहा हजार मान म्हणजे एक ऑक, म्हणजे आपले दहा कोटी. घाईत जीभ कोटीवर घसरते. तिचा दोष नाही हो, टोपिकच्या नेहमीच्या पेपरात बोलणं नसतंच, बोलण्याची परीक्षा वेगळी आहे. शिवाय समोरचा सारखं "ने, ने" (म्हणजे "हो, हो") करत होता तर काकांना वाटलं सगळं मान्य. ते बऱ्याचदा नुसतं "हं, बोला पुढे" असतं. आणि "विचार करून कळवतो" म्हणजे आपलं "बघू".

मग एजन्सी की फ्रीलान्सर? मशीन, फॅक्टरी, रेटची घासाघीस असेल तर मी डोळे झाकून फ्रीलान्सर घेईन, पण रांजणगाव, तळेगावकडच्या कोरियन प्लांटमध्ये काम केलेला. त्याला स्पिंडल, टॉलरन्स समजावत बसावं लागत नाही, आदल्या दिवशी ड्रॉइंग पाठवता येतं, दुसऱ्या मीटिंगलाही तोच येतो. आजारी पडला तर मात्र बोंब. दिवसाचा रेट, प्रवास, ओव्हरटाइम आधीच लिहून घ्या. आणि समोरची पार्टी "आमचा माणूस आहे ना" म्हणाली तरी आपला न्याच, तो माणूस शेवटी त्यांचाच.

एजन्सीत बदली माणूस मिळतो, जीएसटी बिल मिळतं, पण नक्की कोण येणार हे कधीकधी आदल्या रात्री कळतं. हॉटेलात बूथ लावून, म्हणजे भाषण चालू असतानाच भाषांतर, अशी कॉन्फरन्स असेल तर एजन्सीच बरी, तिथे दोघं लागतात, वीस-तीस मिनिटांनी माइक बदलतात, एकटा माणूस दिवसभर ओढतो म्हणाला तर समजून जा. करारपत्रालाही एजन्सी, फक्त दुसऱ्याने तपासून मिळणार का ते विचारा. अनुवादाचा शिक्का म्हणजे अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन) नव्हे, ते परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं, त्याचे दिवस वेगळे धरा.

ॲप? कंटेनर कधी निघतोय विचारायला ठीक. कोरियनमध्ये कर्ता सर्रास गाळतात, त्यामुळे वाहतुकीचा खर्च "आम्ही देऊ" की "तुम्ही द्या" हे ॲप आपल्या मनानं ठरवतं.

आता काका कोणालाही ठरवण्याआधी फोनवरच विचारतात, साडेबारा कोटी कोरियनमध्ये बोलून दाखवा. जो आधी "एक मिनिट हं, लिहून घेतो" म्हणतो त्याला काका नाही म्हणत नाहीत, जो फटकन चुकीचं बोलतो त्याला म्हणतात.