मुखपत्रं नेमाने वाचायला लागल्यावर

गेले काही महिने ठाकरेंच्या शिवसेनेच्या 'सामना'चा अग्रलेख रोज, आणि संघाशी संबंधित 'ऑर्गनायझर' व माकपचं 'पीपल्स डेमोक्रसी' आठवड्याला, असा माझा रतीब चालू आहे. बातम्या कळाव्यात म्हणून ही असली पत्रं लावणार असाल तर लावू नका. विरोधकांची सभा झालीच नव्हती असं वाटावं, इतक्या सफाईने ती गाळलेली असते.

उपयोग वेगळाच आहे. वाहिन्यांवर दिवसभर 'मुखपत्रातून हल्लाबोल' म्हणून जे चालतं, त्याचा कच्चा माल सकाळीच हाती येतो. अग्रलेखात समजा शेतीमालाच्या भावावर चांगले तीन परिच्छेद आहेत आणि शेवटी मित्रपक्षाला एक चिमटा आहे. पट्टीवर फिरतो तो चिमटा. संध्याकाळी चार प्रवक्ते त्याच्यावरून भांडतात, शेतीमाल राहतो बाजूला. अर्थात लिहिणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असणार.

पण खरी किंमत कळते ती पत्र आपल्याच माणसांवर घसरतं तेव्हा. २०१४च्या अखेरीपासून २०१९पर्यंत शिवसेना भाजपसोबत राज्यात सत्तेत होती आणि 'सामना' मात्र त्याच सरकारवर विरोधकासारखा तुटून पडायचा. युतीत काय शिजतंय याचा वास तिथे आधी यायचा, पत्रकार परिषदेत नंतर. जून २०२४मध्ये लोकसभेच्या निकालानंतर 'ऑर्गनायझर'मधल्या एका लेखाने भाजप कार्यकर्त्यांच्या फाजील आत्मविश्वासावर बोट ठेवलं, अजित पवारांना सोबत घेण्यावरही टीका केली. हेच एखाद्या तटस्थ दैनिकात आलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. संघाशी संबंधित साप्ताहिकात आलं म्हणून देशभर मथळे झाले.

बातमी फोडण्यात मात्र आपल्याकडची ही पत्रं कमी पडतात. अमेरिकेत 'मदर जोन्स' या डाव्या नियतकालिकाने सप्टेंबर २०१२मध्ये अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांचा, ४७ टक्के मतदार सरकारवर अवलंबून आहेत असं देणगीदारांसमोर म्हणतानाचा व्हिडिओ बाहेर काढला, आणि त्यांना पुढे प्रचारभर त्याचे खुलासे करावे लागले. बाजू उघड होती, पण पुरावा कॅमेऱ्यातला होता.

त्रास म्हणाल तर भाषेचा. विशेषणांचा मारा इतका, की एकच पत्र सलग वाचलं तर त्याचे शब्द आपल्या तोंडी बसतात. म्हणून दोन विरुद्ध बाजूंची सोबत वाचतो. तेवढा वेळ नसेल आणि एकच लावायचं असेल, तर न पटणाऱ्या पक्षाचं लावा. पटणाऱ्याचं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅपवर तसंही येतच असतं.